बारा बायकांची वाकळ

नांदेड,
१२ जून २०२४

चि. मंजुषास,
शरणार्थ.

एसटीच्या पार्सलने हा खोका पाठवतेय. फोनवर तू "हाव ताई, कळलं" म्हणतेस आणि दुसऱ्या दिवशी तेच परत विचारतेस. म्हणून यापुढे मी जे सांगायचं ते कागदावर सांगणार, तूही शंका कागदावर लिहून पाठवायच्या. माझी पत्रं शिलाई मशीनच्या वर भिंतीला टाचून ठेव, म्हणजे काम करताना नजरेसमोर राहतील.

खोक्यात निळ्या रंगाचा जो बोर्ड आहे तो मेंदू समज. कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायचा, वायरने त्याच्यात भरायचा, मग तो सांगितल्याप्रमाणे वागतो. लाल रंगाची छोटी पट्टी आहे ती स्पर्श ओळखणारी. तिला बारा पाय आहेत. एकेका पायाला वायर जोडून ती एखाद्या धातूला लावली की त्या धातूला माणसाचा हात लागलेला पट्टीला कळतो. तिसरी वस्तू आवाज वाजवणारी, तिला स्पीकर जोड. आणि माझा जुना मल्टिमीटर आहे, सांभाळून वापर. त्याची दोन टोकं कशालाही लाव, त्यातून वीज जात असेल तर तो पीप असा वाजतो.

तुला जे करायचंय ते मला अजून नीटसं पटलेलं नाही. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायची आणि तिच्या ठिगळाला हात लावला की ज्या बाईचं लुगडं तिचा आवाज यायला हवा! मी पॉलिटेक्निकला बारा वर्षं हेच शिकवते आहे, पोरं शेवटच्या वर्षी झाडाला पाणी घालणारं यंत्र करतात आणि तेही अर्ध्यांचं चालत नाही. तू साड्यांना फॉल लावणारी. कौतुक आहे तुझं, पण आधी एक दिवा लावून विझवून दाखव, वाकळीचं मग बघू.

आई तुझ्याकडे आठ दिवसांसाठी म्हणून आली होती, तिला तीन आठवडे झाले. माझ्याकडे आली की तिसऱ्या दिवसापासून पिशवी भरायला घेते. इथे काय काटे पसरलेत का, विचार तिला. तुझी आई, माझी मावशी, गेल्यापासून तुझं घर रिकामं झालंय हे मलाही कळतं. तरी विचार.

तुझी,
उज्वलाताई


लातूर,
३ जुलै २०२४

प्रिय उज्वलाताईस,
शरणार्थ.

दिवा लागला आणि विझलाही. पहिल्या दिवशी लागेना, तर मी दोन वायरी उलट्या लावल्या होत्या. मावशी, तुझी आई, शेजारी बसून तुझं पत्र मोठ्याने वाचत होती, मी करत होते. दिवा लागला तेव्हा ती म्हणाली, "आमच्या उज्वलाला कळीव, तिच्या डब्यातला दिवा लागला म्हन." कळवलं.

आता खरी गंमत सांगते. वीज नेणारा स्टीलचा दोरा मागव असं तू खोक्यातल्या चिठ्ठीत लिहिलं होतंस. गंजगोलाईच्या बाजारात दहा दुकानं फिरले. एकाने तर भांडी घासायची तारेची घासणी काढून पुढ्यात ठेवली! वैतागून घरी आले आणि रागाच्या भरात मल्टिमीटरची टोकं आईच्या इरकलीच्या काठाला लावली. ताई, पीप वाजलं! मला वाटलं माझाच हात लागला. परत लावली, परत वाजलं. जुन्या जरीत खरी चांदीची तार असते ना. नव्या साडीला लावून पाहिलं तर गप्प, नुसतं प्लास्टिक.

तेव्हापासून मी मल्टिमीटर घेऊन बायकांच्या ट्रंका उघडत फिरतेय. समोरच्या गल्लीतली गंगम्मा म्हणते, "ही पोरगी लुगड्याला ताप आलाय का बघत हिंडतीया." पण आता त्याच स्वतःहून लुगडी घेऊन येतात, माझ्या काठात वीज हाय का बघ म्हणून. ज्यांचं लुगडं वाजतं त्या अशा तोऱ्यात घरी जातात की विचारू नकोस. काठ उसवायचा, त्यातली जर सोडवायची आणि तिचाच दोरा करून ठिगळावर शिवायचा. बाहेरून काहीच आणायचं नाही.

एकच भांडण झालं. पट्टीला पाय बारा, म्हणून बाराच बायका घेता येतात. तेरावी नागम्मा रुसून बसली आहे. "तुझ्या बहिनीला सांग एक पाय वाढवून द्यायला," म्हणते. जमेल का?

मावशीला विचारलं, नांदेडला काटे आहेत का. ती हसली नुसती. मग म्हणाली, "तिथं समदे घाईत असत्यात. हितं माझ्या हाताला काम हाय." तिची नजर अजून इतकी तेज आहे, सुईत दोरा तीच ओवते.

तुझी,
मंजुषा


नांदेड,
२० जुलै २०२४

चि. मंजुषास,
शरणार्थ.

जुन्या जरीतून वीज जाते हे मला माहीत होतं. बोलले नाही इतकंच.

पट्टीला पाय वाढवता येत नाही. नागम्माला सांग, नियम म्हणजे नियम. (दुसरी पट्टी जोडता येते, पण ते तुला झेपायचं नाही.)

तुझ्या कानावर एक गोष्ट घालते. इथे नांदेडला मुलांसाठी नवं बालविज्ञान केंद्र उघडतंय. हात लावून, हलवून, खेळून बघायच्या वस्तूंचं दालन. त्यांनी डिसेंबरमध्ये प्रदर्शन ठेवलंय, त्यातली एकच वस्तू कायमची दालनात राहणार आणि जिने ती केली तिने वर्षभर दर रविवारी मुलांना ही विद्या शिकवायची. अमृतराव म्हणून निवृत्त प्राचार्य आहेत, ते परीक्षक. मी वाळूचा टेबल करतेय. वाळूत बोटांनी खड्डा केला की वरच्या कॅमेऱ्याला तो दिसतो आणि प्रोजेक्टर त्या खड्ड्यात निळं पाणी सोडतो. मुलांनी बोट ओढलं की गोदावरी वाहायला लागते. आमच्या खात्यातले सगळे आत्ताच धरून चालले आहेत की निवड माझीच होणार.

तूही भाग घे, अनुभव मिळेल. निवडीचं वगैरे मनात आणू नकोस, तिथे इंजिनिअर लोक येणार.

आईला म्हणावं, नांदेडलाही तिच्या हाताला काम देता येईल. आमच्याकडेही सुया आहेत.

तुझी,
उज्वलाताई


लातूर,
२८ सप्टेंबर २०२४

प्रिय ताईस,
शरणार्थ.

वाकळ बोलली!

परवा दुपारी बाराही बायका माझ्या दुकानात आल्या होत्या. दुकानात कापड खालीच पसरलेलं असतं म्हणून सगळ्यांच्या चपला पायरीवर, आत शहाबादी फरशीवर मधोमध वाकळ. गंगम्माने आपल्या हिरव्या ठिगळावर हात ठेवला आणि आतून तिचाच आवाज आला, "हात लाव की गं, काय बघत बसलीस?" ती दचकून मागे सरकली ती थेट मशीनवर आपटली. मग काय, एकेकीने आपापला आवाज ऐकला. कुणी धपाट्याचं पीठ कसं मळायचं ते सांगितलंय, कुणी सासूची नक्कल केलीय. एकीने काहीच न बोलता नुसतं जातं ओढल्यासारखी गुणगुण केली आहे. दोघींनी ठिगळं दाबली की दोघी एकदम बोलतात, मग बाकीच्या म्हणतात, आता भांडण लागलं बघ.

मावशीचं ठिगळ जांभळं. ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही, डिसेंबरात तूच हात लावून ऐक. त्या बाराजणी खास गाडी करून नांदेडला येणार आहेत. आपला आवाज साहेब लोकांनी ऐकायचा म्हणून गंगम्माने आत्तापासून गल्लीत सांगून ठेवलंय.

आता कामाचं. प्रोग्रामचा छापील कागद सोबत जोडला आहे. हात लावला की पट्टी एक आकडा दाखवते. तो पुरेसा मोठा असेल तरच आवाज सुरू कर, असं मी लिहिलंय, नाहीतर वाकळीवर माशी बसली तरी बडबड सुरू होते. बाराही जणींचे हात लावून पाहिले, कुणाचाच आकडा साठच्या खाली येत नाही. म्हणून मी चाळीस ठेवलाय. बरोबर आहे ना? नांदेडला काही वेगळं करावं लागेल का? तू एकदा डोळ्यांखालून घाल आणि चुकलं असेल तिथे लाल पेनाने लिही. तुझ्याशिवाय मला विचारायला कुणी नाही.

निवडीचं मनात आणू नकोस असं तू लिहिलं होतंस. पण आणलंय ताई. तुझ्यापासून लपवून काय करू.

तुझी,
मंजुषा


(न टाकलेलं पत्र)

नांदेड,
६ ऑक्टोबर २०२४

मंजुषा,

तुझा कागद मी तीनदा वाचला. तिन्ही वेळा चूक शोधत होते आणि सापडत नव्हती तशी माझी चिडचिड होत होती. तिसऱ्यांदा सापडली. तेव्हा मला जो आनंद झाला तो कुठल्याही मास्तरणीला होऊ नये.

तुझा चाळीस चुकलाय. तुझ्या दुकानात सगळे अनवाणी असतात. अनवाणी माणूस फरशीवर बसलेला असतो तेव्हा त्याचा हात पट्टीला जोरात जाणवतो. नांदेडच्या हॉलमध्ये जाड गालिचा आहे आणि सगळे बुटात असतील. त्यांचा आकडा वीस-पंचवीसच्या पुढे जाणार नाही. वाकळ गप्प राहील. चाळीसच्या जागी पंधरा लिही, संपलं. फक्त एक आकडा. चपला घालून कुणी हात लावून पाहिलाच नाही, कारण तुमच्याकडे तसं कुणी वाकळीजवळ जाणारच नाही. तुमच्या चांगल्या सवयीनेच घोटाळा केलाय.

हे लिहायला मला दहा मिनिटं पुरली असती. पण मी तासभर बसून आहे, कारण लिहावंसं वाटत नाही.

मला तुझा हेवा वाटतो. घे, लिहिलं एकदाचं. पोटात दुखतं माझ्या. जरीचं मला ठाऊक नव्हतं, मी खोटं लिहिलं. ते पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला होता. माझा वाळूचा टेबल मी नेटवरून उतरवलाय. जगात शेकडो लोकांनी तो केला आहे, प्रोग्राम तयार मिळतो. मी त्यात फक्त गोदावरी घातली. तुझी वाकळ कुणीच केलेली नाही. बारा वर्षं मी सर्किटं जोडतेय आणि एकदाही कुणी दचकून मशीनवर आपटलं नाही.

आणि आई. ती एकदा माझ्या प्रयोगशाळेत आली होती, दारातूनच "बाई, किती ह्या वायरी" म्हणून परत फिरली. तुझ्यासाठी ती चार महिने सुईत दोरा ओवते आहे, माझं पत्र मोठ्याने वाचते आहे. माझ्या पत्रातली प्रत्येक ओळ तिच्या तोंडून तुझ्या कानात जाते, आणि तिच्या तोंडून मला काय येतं? नुसता निरोप.

तुला आई नाही हे मला माहीत आहे. तरीही जळते. माझा मलाच राग येतो आणि जळायचं थांबत नाही.

आता हे पाकिटात घालते आणि टाकते.

उज्वला


नांदेड,
७ ऑक्टोबर २०२४

चि. मंजुषास,
शरणार्थ.

तुझा कागद पाहिला. छान लिहिलं आहेस. कुठे हात लावू नकोस.

कॉलेजात परीक्षांची गडबड आहे, म्हणून थोडक्यात.

तुझी,
उज्वलाताई


नांदेड,
१८ डिसेंबर २०२४

चि. मंजुषास,
शरणार्थ.

चार दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस. म्हणून लिहितेय.

शनिवारी जे झालं त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. असल्या वस्तू लहरी असतात. थंडीने पट्टी बिघडली असेल, प्रवासात जरीची एखादी तार तुटली असेल. प्रदर्शनवाल्यांनी वाकळ खाली पसरू न देता स्टँडवर टांगायला लावली, तेही एक कारण असेल. माझी पोरं म्हणतात, मॅडम, परीक्षक आले की यंत्राला कळतं. अमृतरावांनी चार ठिगळांना हात लावला, तू लावलास, तुझ्याही हाताला वाकळ बोलली नाही. कुणाचाच इलाज नव्हता. ते म्हणालेसुद्धा, "कल्पना उत्तम आहे, थोडं काम हवं."

माझ्या टेबलाची निवड झाली हे तुला कळलंच असेल. पहिला रविवार पाच जानेवारीला आहे. तुला नाराज करून मला काही आनंद वाटला नाही, एवढं खरं मान.

गंगम्मा आणि बाकीच्या परतताना माझ्याशी बोलल्या नाहीत. नवी लुगडी नेसून आल्या होत्या बिचाऱ्या. आई मात्र आपण होऊन माझ्याकडे थांबली. पिशवीसुद्धा भरत नाही.

फोन उचल. निदान दोन ओळी टाक.

तुझी,
उज्वलाताई


लातूर,
२ जानेवारी २०२५

ताईस शरणार्थ.

निवडीबद्दल अभिनंदन. टेबल देखणा झाला आहे. मी बोट ओढून पाहिलं, पाणी लगेच आलं.

वाकळ घरी आणून फरशीवर पसरली. पहिल्यासारखी बोलते. जरीची तार कुठेही तुटलेली नाही. का बोलते आणि तिथे का बोलली नाही हे मी तुला विचारणार नाही.

तुझा मल्टिमीटर सोबत परत पाठवतेय. मी आता माझा घेतला आहे.

मावशी तुझ्याकडे राहिली हे बरं झालं. तिला दुपारी चहात आलं लागतं, साखर कमी.

मंजुषा


नांदेड,
१९ जानेवारी २०२५

मंजुषा,

सोबत एक जुनं पत्र आहे. तारीख बघ. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? तर हे असं आहे. मला माहीत होतं. सहा ऑक्टोबरलाच माहीत होतं. ते पत्र पाकिटात घालून मी टपालपेटीपर्यंत गेले होते, परत आले आणि दुसऱ्या दिवशी तुला "हात लावू नकोस" असं लिहिलं. स्वतःची समजूत अशी घातली की मी खोटं काही लिहिलेलं नाही. कागद छानच होता ना? थंडी आणि तुटलेली जर हे मात्र सरळ खोटं होतं.

हे आत्ताच का लिहितेय, तर आईमुळे. ती महिनाभर इथे होती. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, टेबल माझा आणि आई माझ्याकडे. गुरुवारी दुपारी ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मी चहा दिला. मान वर न करता तिने विचारलं, "उज्वला, वाकळ का बोलली न्हाई, तुला म्हाईत व्हतं का गं?"

मी म्हणाले, "नाही."

"बरं," म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली. शुक्रवारी सकाळी तिने पिशवी भरली. मी थांब म्हणाले नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार? हे पत्र पोचेल तेव्हा ती तुझ्यासमोरच बसलेली असेल. तिला वाचून दाखवायचं का, ते तू ठरव.

दर रविवारी मी त्या दालनात उभी असते. मुलं वाळू उकरतात, पाणी येतं, ती ओरडतात. मला मात्र टेबलाच्या पलीकडची ती रिकामी भिंत दिसते, जिथे तुझा स्टँड होता. मी काय करू सांग. टेबल काढून घेते म्हणून अमृतरावांना लिहू? काय झालं ते त्यांना सांगू? तू म्हणशील ते करते. शिव्या दिल्यास तरी चालेल, पण असलं दोन ओळींचं कोरडं पत्र पाठवू नकोस.

उज्वला


लातूर,
२७ जानेवारी २०२५

ताईस,
शरणार्थ.

तुझी दोन्ही पत्रं वाचली. मावशीला वाचून दाखवली नाहीत. ती विचारत होती, उज्वलाचं काय आलंय. म्हटलं, ती स्वतः सांगेल. तेवढं तूच येऊन कर.

तू मला नवं काही सांगितलेलं नाहीस. मला त्याच दिवशी कळलं होतं. कसं ते ऐक.

अमृतरावांनी पहिल्या ठिगळाला हात लावला आणि आवाज आला नाही. मी लावला, नाही आला. मला वाटलं वायर निसटली. मी तुझ्याकडे पाहिलं, कारण काही अडलं की मी आयुष्यभर तुझ्याकडेच बघत आले आहे. तू वाकळीकडे बघत नव्हतीस. तू अमृतरावांच्या बुटांकडे बघत होतीस. मी तुझ्या नजरेमागे गेले, त्यांचे बूट पाहिले, मग माझ्या चपला पाहिल्या, खालचा गालिचा पाहिला. तेवढ्यात सगळं डोक्यात आलं. आमच्या दुकानातली पायरीसुद्धा आठवली.

माझा अंगठा चपलेतून निघालाही होता. नुसत्या चपला काढून, गालिच्याचा कोपरा उलटून फरशीवर उभी राहिले असते तर वाकळ बोलली असती. "सर, जरा बूट काढता का?" एवढंच म्हणायचं होतं. ते गृहस्थही साधे होते, काढले असते त्यांनी.

मी म्हणाले नाही. मला वाटलं, ताई म्हणेल. तुला माहीत आहे हे मला कळलं होतं, आणि तू आत्ता बोलशील, आत्ता बोलशील म्हणून मी थांबले. त्यांनी दुसऱ्या ठिगळाला हात लावला, तिसऱ्याला, चौथ्याला. तू पदराचा काठ चोळत उभी होतीस. ते पुढे गेले तेव्हाही मला हाक मारता आली असती. पण तेव्हा मला ती निवड नकोशी झाली होती.

यात माझीही चूक आहे, आणि ती मी कबूल केली आहे. तो माझ्या एकटीचा आवाज नव्हता. बारा जणी नवी लुगडी नेसून, तीन तास गाडीत बसून आल्या होत्या आणि तुझी परीक्षा बघायच्या नादात मी त्यांना मुकं ठेवलं. परतीच्या वाटेवर गंगम्मा म्हणाली, "आमचं बोलनं साहेबाच्या ऐकण्यासारखं न्हवतं का?" संक्रांतीला सगळ्यांना बोलावून सांगितलं की चूक माझी होती, तुमची नव्हती. तुझं नाव घेतलं नाही. नागम्मासाठी दुसरी पट्टी जोडली आहे. झेपली मला.

आता तुझा प्रश्न. टेबल काढून घेऊ नकोस. काढून घेतलास तर तुला लगेच बरं वाटेल, आणि तुला इतक्या लवकर बरं वाटावं असं मला आज तरी वाटत नाही. अमृतरावांना काय सांगायचं, सांगायचं की नाही, ते मला विचारू नकोस. मुलांना मात्र नीट शिकव. त्यांचा यात काही दोष नाही.

वाकळीची काळजी करू नकोस. किल्लारीच्या एका शाळेने बोलावलंय, नंतर निलंग्याला न्यायची आहे. सगळीकडे जमिनीवर पसरणार, चपला बाहेर. चाळीसचा आकडा मी बदललेला नाही.

एक गोष्ट राहिली. तू लिहिलंस की तुला माझा हेवा वाटतो. ताई, मला तुझा हेवा वाटायचा हे तुला कधी कळलंच नाही का? लहानपणी सुट्टीत तू मामाचा रेडिओ उघडून परत जोडलास, तेव्हापासून. तुझं गणित, तुझी नोकरी, प्रयोगशाळेच्या दारावरची तुझ्या नावाची पाटी. तुझी आई जिवंत आहे, याचासुद्धा. मावशी माझ्याकडे असली की मी रोज तिला तुझंच विचारायचे, उज्वलाताईने हे कसं केलं, ते कसं केलं. वाकळीचं नंतर सुचलं. खोका मागवला तो ताईला येतं ते मला का येऊ नये, या एकाच जळफळाटाने. जरीचे काठ उसवताना बोटं सोलून निघाली तरी मी उठले नाही, कारण तुला दाखवायचं होतं. मला इतकं पुढे रेटत नेणारं दुसरं काहीच नव्हतं.

त्या शनिवारपासून तो हेवा गेला आहे. रोज सकाळी मशीनवर बसते, तुझी पत्रं समोर टाचलेली आहेत, ती वाचते, आणि पूर्वी पोटात जे व्हायचं ते काहीच होत नाही. निवड गेली, त्याने मी एकदा रडले आणि झालं. याचं रडू मात्र थांबत नाही.

शिव्या मागितल्या होत्यास, त्या देत नाही. एकच मागते. असं काहीतरी कर ताई, की मला पुन्हा तुझा हेवा वाटेल.

मंजुषा